उच्चार कुणाचा शुद्ध, मोजपट्टी कुणाची?

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदीची सक्ती करणारा निर्णय काढला आणि लोकांच्या रेट्यापुढे २९ जूनला तो मागे घेतला. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा ढोल वाजले, पेढे वाटले गेले. दोन्ही प्रसंगी मराठीच्या नावाने पुष्कळ बोलले गेले, पुष्कळ लिहिले गेले. पण मराठी म्हणजे कुणाची मराठी, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. आमचे सहा वर्षांचे लेकरू वर्गात उभे राहून 'पानी' म्हणते, तेव्हा ते मराठी बोलते की चुकीचे बोलते? अभिजात दर्जाच्या मिरवणुकीत या लेकराला जागा होती काय?

हा प्रश्न आता गुरुजींच्या छडीपुरता आणि वर्गातल्या हशापुरता राहिलेला नाही. मुलाचा आवाज टिपून त्याचा उच्चार बरोबर की चूक हे सांगणारी यंत्रे शाळांच्या दारात आली आहेत. २०२१ साली केंद्राने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अचूक वाचावेत असे लक्ष्य आहे. गुगलने २०१९ साली भारतात 'बोलो' हे अ‍ॅप आणले, पुढे त्याचेच 'रीड अलाँग' झाले. मूल मोठ्याने वाचते, फोन ऐकतो आणि चूक-बरोबर सांगतो. त्यात मराठीही आली. आयआयटी मुंबईत प्राध्यापिका प्रीती राव यांच्या गटाने 'तारा' नावाचे असेच साधन हिंदी-इंग्रजी वाचनासाठी तयार केले आणि ते केंद्रीय विद्यालयांत वापरले गेले. दवाखान्यांत स्पीच थेरपिस्ट मुलांचे उच्चार संगणकावर तपासतात. या कामाला आमचा विरोध नाही, उलट ते आमच्या मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे असेच आमचे म्हणणे आहे. पण मिनिटाला ४५ शब्द 'अचूक' यातला अचूक हा शब्द कुणी ठरवला, हे विचारल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. पुस्तकात 'पाणी' छापले आहे, मुलाने 'पानी' वाचले. शब्द कळला, अर्थ कळला. मोजणारा तो शब्द धरणार की गाळणार?

आधी हे शास्त्र काय आहे ते समजून घेऊ, कारण न समजता केलेला विरोध आणि न समजता केलेला स्वीकार या दोन्हींनी नुकसान आपलेच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आवाजाचे चित्र काढणारे यंत्र तयार झाले. १९४७ साली त्यावर पुस्तक निघाले, आणि त्यामागची एक मोठी आशा होती ती बहिऱ्या माणसांना बोलणे डोळ्यांनी वाचता यावे ही. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आडवा वेळ, उभी आवाजाची पट्टी आणि जिथे जोर जास्त तिथे काळे. आज अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात बोअर्स्मा आणि वेनिंक यांनी बनवलेले 'प्रात' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. आपल्यातले कुणी विज्ञानाचे विद्यार्थी असतील त्यांनी ते उतरवून पाहावे, अवघड नाही.

स्वर म्हणताना तोंडाच्या पोकळीत आवाज काही ठरावीक पट्ट्यांवर घुमतो. त्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. 'आ', 'ई', 'ऊ' यांच्यात फरक पडतो तो पहिल्या दोन फॉर्मंटच्या जागांमुळे. 'न' म्हणताना जीभ दातांपाशी असते, 'ण' म्हणताना शेंडा मागे वळतो आणि आधीच्या स्वराच्या शेवटी तिसरा फॉर्मंट खाली उतरतो. 'स' हा सळसळाट फार उंच पट्टीवर असतो, 'श' त्याच्या खाली. 'बात' आणि 'भात' यांच्यात ओठ उघडल्यानंतरच्या श्वासाचा फरक असतो. हे सारे मोजता येते, हर्ट्झमध्ये आणि मिलिसेकंदात. कानाला जे 'थोडे वेगळे वाटले' ते कागदावर आकड्यात येते.

याचा फायदा मोठा आहे. १९८० साली मॅकेन आणि बार्टन या संशोधकांनी इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट दाखवली. मोठ्यांच्या कानाला मुलाचे दोन वेगळे व्यंजन एकसारखे ऐकू येत होते, पण मोजल्यावर कळले की मूल त्या दोहोंत फरक करत होते. तो फरक फक्त मोठ्यांच्या सवयीच्या रेषेच्या एकाच बाजूला पडत होता. म्हणजे मुलाला फरक माहीत होता, ऐकणाऱ्याला तो ऐकू येत नव्हता! आमच्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. अशा मुलाला वेगळी मदत लागते आणि ज्याला फरकच कळलेला नाही त्याला वेगळी. गुरुजींचा कान हे सांगू शकत नाही, यंत्र सांगू शकते.

आता यंत्राची दुसरी बाजू पाहू. पुरुषाचा घसा ते ओठ हा मार्ग साधारण १७ सेंटीमीटरचा, लहान मुलाचा त्याहून बराच आखूड. मुलाचा आवाज २५०-३०० हर्ट्झच्या आसपास आणि वरही जातो, म्हणून त्याच्या आवाजातल्या रेषा एकमेकींपासून दूर पडतात आणि फॉर्मंट नेमका कुठे हे शोधणे कठीण होते. 'प्रात' वापरताना पुरुषासाठी ५००० आणि बाईसाठी ५५०० हर्ट्झची कमाल मर्यादा ठेवतात. लहान मुलासाठी ती ८००० च्या आसपास न्यावी लागते. हे न बदलता बटण दाबले तर यंत्र बिनदिक्कत चुकीचा आकडा देते आणि तो आकडा छापून आला की बरोबरच वाटतो. १९५२ साली पीटरसन आणि बार्नी यांनी केलेला स्वरांचा अभ्यास जगभर आधार म्हणून वापरला गेला. त्यात ७६ माणसांचे आवाज होते, त्यांपैकी मुले फक्त १५. शास्त्राची सुरुवातच मोठ्या माणसांच्या गळ्यापासून झाली आहे.

ध्वनिमुद्रणाचेही तसेच. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास जातच नाही. मुलाचा 'स' त्याच्या वर असतो. म्हणजे हलक्या दर्जाच्या मुद्रणात मुलाने नीट म्हटलेला 'स' सुद्धा कापला जातो आणि दोष मुलाच्या नावावर लागतो. खासगी दवाखान्याच्या बंद खोलीत टिपलेला आवाज आणि पत्र्याच्या वर्गात, शेजारच्या वर्गाचे पाढे चालू असताना, डोक्यावर खडखडणाऱ्या पंख्याखाली टिपलेला आवाज एकाच तराजूत कसा घालायचा? गरिबाच्या शाळेचा गोंगाट गरिबाच्या मुलाच्या जिभेचा दोष म्हणून नोंदला जाईल, ही भीती काल्पनिक नाही.

तरीही हे सारे सुधारता येण्यासारखे आहे. चांगला माइक आणा, शांत खोली शोधा, मर्यादा नीट लावा. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. यंत्र फक्त फरक दाखवते. या मुलाचा 'ण' त्या मुलाच्या 'ण' सारखा नाही, इतकेच ते म्हणते. फरकाला दोष म्हणायचे की नाही हे माणूस ठरवतो, आणि तो कुणाचा उच्चार प्रमाण मानून बसला आहे त्यावर ठरवतो. वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणतात, काळ्याला 'काया' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या म्हणतात, एका नियमाने म्हणतात. यंत्राला पुण्याच्या सदाशिव पेठेतला 'ळ' शिकवून ठेवला असेल तर अख्खा वऱ्हाड वाचादोषी ठरेल.

आमच्याकडे एक जोडपे कागद घेऊन आले होते. मुलगा सहा वर्षांचा, शाळा इंग्रजी माध्यमाची. कागदावर इंग्रजीत उच्चारदोष असे लिहिलेले, खाली तीन अक्षरे: ण, ळ, श. शाळेने मुलाला 'योग्य त्या' शाळेत घालण्याचा सल्ला दिला होता. आम्ही त्या माउलीला मुलाबद्दल सांगायला लावले. दहा मिनिटांच्या बोलण्यात तिच्या तोंडून 'पानी' आले, 'डोया' आला, 'साळा' आली. मुलगा आईसारखा बोलत होता. सहा वर्षांच्या मुलाने आईसारखे बोलावे यात रोग कुठे आहे? ज्याने तो कागद लिहिला त्याने आईला बोलते केले असते तर कागद लिहायची वेळ आली नसती.

यात नवे काही नाही. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणे हा या देशातला जुना धंदा आहे. शतपथ ब्राह्मणात असुरांची कथा आहे. त्यांनी 'र' च्या जागी 'ल' उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला, म्हणून ब्राह्मणाने असे म्लेंच्छासारखे बोलू नये, असा तिचा बोध. पतंजलीने व्याकरण का शिकावे हे पटवून देताना हीच कथा वापरली. गौतम धर्मसूत्राने तर वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतायला आणि उच्चारणाऱ्याची जीभ कापायला सांगितले. कान आणि जीभ! आज मुलाची वाचा तपासताना डॉक्टर जे दोन अवयव आधी पाहतात, नेमके तेच दोन अवयव धर्मशास्त्राने शिक्षेसाठी निवडले होते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, ती याच परंपरेची शेपटी. महात्मा फुल्यांच्या विचारांना उत्तर देता येईना तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेच्या आणि व्याकरणाच्या चुका काढल्या. माणूस खरे बोलतो की खोटे हे पाहायचे नाही, तो 'शुद्ध' बोलतो की नाही हे पाहायचे.

याच भूमीवर दुसरी परंपराही आहे. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलेवर आपल्याला 'राजा' म्हणवले आणि ओडिशातल्या धौलीच्या शिलेवर 'लाजा'. जिथे लोक जसे बोलतात तिथे तसे कोरले. असुरांना हरवणारा तो 'ल' जम्बुद्वीपाच्या सम्राटाने दगडात अभिमानाने खोदून ठेवला. आजच्या एखाद्या यंत्रापुढे धौलीचा तो लेख मोठ्याने वाचला तर त्याला किती गुण मिळतील? विनयपिटकात दोन भिक्खूंची गोष्ट आहे. दोघे जन्माने ब्राह्मण, आवाज गोड. त्यांनी तथागतांकडे तक्रार केली की नाना कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवतात, ते छंदात बांधू द्यावे. तथागतांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. (अट्ठकथाकार 'स्वतःची' म्हणजे बुद्धाची मागधी असा अर्थ लावतात, तो वाद पंडितांवर सोडू.) मज्झिमनिकायातल्या अरणविभंग सुत्तात तर एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात आणि आपलेच नाव खरे असा हट्ट धरू नये, असे समजावले आहे. बोलींच्या भेदाविषयी इतकी स्पष्ट भूमिका त्या काळात दुसऱ्या कुणी घेतली असल्यास आम्हाला दाखवावी.

कायद्याच्या भाषेत हा प्रश्न कसा मांडायचा, हे अमेरिकेतल्या काळ्या आईबापांनी आम्हाला शिकवले. मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचे सुखवस्तू विद्यापीठाचे शहर आहे. तिथल्या मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर प्राथमिक शाळेत ग्रीन रोडवरच्या सरकारी घरांतली गरीब काळी मुले जात. मुले वाचनात मागे पडली, त्यांच्यावर शिकण्यात अक्षम वगैरे शिक्के बसले. १९७७ साली पालक न्यायालयात गेले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह आणि जिनीव्हा स्मिदरमन यांच्या साक्षी झाल्या. १२ जुलै १९७९ रोजी न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला की मुलांची घरची बोली ही नियमबद्ध बोली आहे, तिची दखल न घेता वाचन शिकवणे हा शाळा मंडळाचा कसूर आहे, आणि ३० दिवसांत उपाययोजना सादर करावी. वकील म्हणून आम्हाला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गरिबी आणि संस्कृतीच्या भेदावर आधारलेले दावे त्या न्यायाधीशांनी आधीच निकालात काढले होते. १९७४ च्या शिक्षणातील समान संधीच्या कायद्यात भाषेच्या अडथळ्याबद्दल एक वाक्य होते, त्या एका वाक्यावर अकरा मुलांचा दावा उभा राहिला आणि जिंकला. भाषण ठोकून नव्हे, कलम शोधून.

आणि त्या साक्षीदार स्मिदरमनबाईंची कथा ऐका. तरुणपणी शिक्षिका होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या उच्चार-चाचणीत त्या नापास ठरल्या आणि त्यांना स्पीच थेरपीच्या वर्गात बसवले गेले. रोग कसला? काळ्या लोकांसारखे बोलणे! पुढे त्याच बाई काळ्या इंग्रजीच्या जगप्रसिद्ध अभ्यासक झाल्या. १९८३ साली अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने अधिकृत भूमिका घेतली की इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली हा वाचादोष नाही. मूल स्वतःच्या समाजाच्या बोलीपेक्षा वेगळे बोलत असेल तरच दोषाचा विचार करायचा.

पण माणसांनी घेतलेली भूमिका यंत्रांपर्यंत पोहोचते का? २०२० साली अ‍ॅलिसन कोनेकी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची बोलणे ओळखणारी यंत्रे तपासली. गोऱ्यांच्या बोलण्यात १०० शब्दांमागे सरासरी १९ चुका, काळ्यांच्या बोलण्यात ३५. यंत्राला काळ्यांचा द्वेष होता म्हणून नव्हे. त्याला जे आवाज ऐकवून शिकवले त्यांत काळ्यांचे आवाज अपुरे होते, असा संशोधकांचा कौल आहे. मराठी यंत्राला कुणाचे आवाज ऐकवले? वाशिमच्या, मुखेडच्या, साक्रीच्या, गोवंडीच्या मुलांचे किती? विकत घेणाऱ्या प्रत्येक शाळेने हा प्रश्न लेखी विचारला पाहिजे.

इथपर्यंत आमचे बहुतेक वाचक माना डोलावत असतील. पुढचा भाग कडू आहे आणि आमच्या मते जास्त महत्त्वाचा आहे. 'हे लोक असेच बोलतात' हा समज दुहेरी मार करतो. चांगल्या मुलाला तो दोषी ठरवतो, आणि ज्याला खरोखर उपचार हवा त्याला उपचाराविना ठेवतो. एका वस्तीतली आठ वर्षांची मुलगी आम्हाला माहीत आहे. 'स' नाही, 'श' नाही, शब्दांची शेवटची अक्षरे गळालेली. तीन वर्षे शाळेत काढली, कुणाला काही वाटले नाही, कारण 'त्यांच्यात असंच बोलतात'. मुलीचा कान दोन वर्षांची असल्यापासून वाहत होता. तिला ऐकूच कमी येत होते. घरच्यांनी जिभेवर वेखंड घासून पाहिले, देवऋषी पाहिला, कान कुणी पाहिला नाही. दाटीवाटीची घरे, अपुरे अन्न आणि दूरचा दवाखाना यांतून कान वाहण्याचा आजार मुरतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. ज्याला 'स' नीट ऐकू येत नाही तो 'स' नीट म्हणणार कसा? टाळूला चीर असलेल्या मुलाचा आवाज नाकातून येतो. तिथे आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे सांगणारे अजूनही भेटतात.

इथे ध्वनिविश्लेषण आमच्या बाजूने उभे राहू शकते. बोलीतला फरक नियमाने येतो: 'ण' च्या जागी सगळीकडे 'न', आईचेही तेच, शेजारणीचेही तेच. कानाच्या दोषात चित्र निराळे दिसते, उंच पट्टीचे ध्वनी पुसट होतात, मग ते बोलीत असोत वा नसोत. टाळूच्या दोषात नाकातून किती आवाज जातो हे मोजता येते. गुरुजींचा पूर्वग्रह हे तीन प्रकार एकाच 'गावंढळ' या शब्दात गुंडाळतो, नीट केलेली तपासणी ते वेगळे करते. म्हणून यंत्र फोडायला निघालेल्या आमच्या उत्साही तरुणांना आम्ही थांबवतो. यंत्र आपल्या ताब्यात, आपल्या मोजपट्टीने हवे.

सरकारी सोय कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायची आहे, आणि ऐकू न येणे, दुभंगलेला ओठ-टाळू, भाषाविकास मागे पडणे हे सारे त्या यादीत आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर केंद्रे आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. आपल्या तालुक्यातले पथक मागच्या वर्षी किती शाळांत गेले, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जात कळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायचे आहे. तेही विचारावे.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या आहे. शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेले कायमचे दिव्यांगत्व, असा तिचा गाभा आहे. व्याख्या इतकी अरुंद आहे की उपचाराची गरज असलेली अनेक मुले तिच्याबाहेर राहतात, ही तिची उणीव. पण 'पानी' म्हणणे हे दिव्यांगत्व ठरू शकत नाही, हे तिने निःसंशय केले आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १३ प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावायला मनाई करते. पहिल्यांदा २५ हजार आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. 'जरा बोलायला लावून पाहतो' ही चाळणीच आहे, समोर बाई असो की अ‍ॅप. कलम १७ मानसिक छळाला बंदी करते. वर्गापुढे मुलाचा उच्चार वेडावून दाखवणे त्यात बसते असे आमचे मत आहे. अ‍ॅट्रॉसिटीचे कलम मात्र उठल्यासुटल्या लावायला आम्ही सांगणार नाही. २०२० च्या हितेश वर्मा निकालानंतर अपमान जातीमुळे झाला आणि लोकांच्या नजरेसमोर झाला, हे दोन्ही दाखवावे लागते.

मुलाच्या आवाजाच्या मालकीचा प्रश्नही आहेच. आरोपीच्या आवाजाचा नमुना हवा असेल तर तपास अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या रितेश सिन्हा प्रकरणात सांगितले आणि आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आहे. चोरीच्या आरोपीला असलेले संरक्षण पहिलीच्या मुलाला नको काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याचे कलम ९ मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती मागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यांत यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली आणि शाळा-दवाखान्यांना काही सवलतीही मिळाल्या. सवलत म्हणजे मोकळे रान नव्हे, हे शाळांना लेखी कळवून ठेवलेले बरे.

आता थोडे आपल्या घरात. नोकरीला लागलेला, कॉलनीत राहायला गेलेला आपलाच शिकलेला वर्ग मुलाच्या तोंडात 'न' आला की दचकतो. गावाहून आलेल्या आजीपासून नातवाला दूर ठेवणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. आमचे म्हणणे 'ण' शिकवू नका असे नाही. जरूर शिकवा. परीक्षेला, मुलाखतीला, न्यायालयात तो लागतो, आणि जे हत्यार समोरच्याकडे आहे ते आपल्याकडेही हवे. बाबासाहेबांनी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवले आणि उतारवयात पालीचा कोश-व्याकरण घेऊन बसले. भाषा वाढवायच्या असतात. 'ण' ही दुसरी लकब म्हणून शिकवता येते, आईची जीभ चुकीची आहे असे न सांगता.

मोजपट्टी बदलायचे काम दगडावर डोके आपटण्याइतके अशक्य नाही. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने २०१७ पासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बोलींचे ध्वनिमुद्रण करून सर्वेक्षण केले आहे. तसेच काम चार ते आठ वर्षांच्या मुलांचे, जिल्हावार आणि वस्तीवार झाले पाहिजे, आणि ते करणाऱ्यांत आपली मुले-मुली असली पाहिजेत. स्पीच थेरपीच्या पदवीला मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात आणि वांद्र्याच्या त्या संस्थेत प्रवेश मिळतो, तिथे राखीव जागा आहेत. डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडे आपल्या पालकांची नजर जात नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तोवर ज्यांच्या हाती असा कागद पडेल त्यांनी घाबरून सही करू नये आणि शाळाही सोडू नये. मुख्याध्यापकांना साध्या मराठीत अर्ज द्यावा. उच्चार तपासण्याआधी कानाची तपासणी झाली होती काय, तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे काय आणि क्रमांक कोणता, मुलाची तुलना कोणत्या बोलीच्या मुलांशी केली, मूळ ध्वनिमुद्रण कुठे आहे आणि त्याची प्रत आम्हाला केव्हा मिळेल, इतकेच विचारावे. अर्ज दोन प्रतींत करावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोच घ्यावी.